पेल्टनचं चाक: खोपोलीच्या पाण्यातला शिरोबिंदू

खोपोलीत उभं राहून घाटाकडे पाहिलं की डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. वर लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तलाव, खाली टाटांचं पॉवर हाऊस, आणि मधे सुमारे ५०० मीटरचा उतार. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला असंच दुसरं पॉवर हाऊस आहे. तिथे ठोकरवाडीच्या धरणातलं पाणी येतं. दोन्हीकडे पाइपच्या तोंडातून सुटणारा झोत एका चाकाच्या वाट्यांवर आदळतो आणि वीज तयार होते. त्या चाकाला पेल्टन व्हील म्हणतात. आयटीआयच्या मुलांपासून इंजिनिअरिंगच्या पोरांपर्यंत सगळ्यांना हे नाव पाठ असतं, पण पेल्टन हा माणूस कोण होता हे फारसं कुणी विचारत नाही.

तो सुतार होता. सोनं शोधायला निघालेला आणि ते न सापडलेला सुतार. दहावीच्या बीजगणितात आपण पूर्ण वर्ग पद्धत शिकतो, तिच्यातून जे उत्तर दोन ओळींत निघतं, तिथे तो लाकूड, पत्रा आणि पाण्याचा झोत घेऊन हातानं पोचला.

लेस्टर ॲलन पेल्टनचा जन्म ५ सप्टेंबर १८२९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, व्हर्मिलियन गावचा. घर शेतकऱ्याचं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि १८५० मध्ये, विशीतला लेस्टर गावातल्या काही जणांबरोबर पश्चिमेला निघाला. त्या गर्दीत बहुतेकांचं झालं तेच त्याचंही झालं. काही दिवस त्यानं सॅक्रामेंटोत मासे विकले, मग खाणींच्या भागात नशीब आजमावलं. सोन्यानं त्याला श्रीमंत केलं नाही. १८६० च्या दशकात तो कॅम्पटनव्हिल या खाणवस्तीत सुतारकाम आणि गिरण्यांची यंत्रं बसवण्याचं काम करू लागला. खाणीवर सोनं निघो न निघो, दगड फोडायच्या गिरण्या, पंप आणि चाकं लागायचीच. त्यामुळे मिस्त्रीला काम कायम असायचं.

त्या कामातूनच त्याला मोठी अडचण दिसली. गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी लाकूड जाळावं लागे. आसपासचे डोंगर बोडके होत चालले होते आणि जळण महाग होत होतं. दुसरीकडे डोंगरातून पाणी उतरत होतं. प्रमाण थोडं, पण उंची भरपूर. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांसारखंच म्हणा ना. जुन्या पद्धतीच्या पाणचक्क्या संथ, भरपूर पाण्यासाठी बनलेल्या. उंचावरून नळीतून येणारा बारीक, वेगवान झोत त्यांच्या कामाचा नव्हता. त्यासाठी खाणवाल्यांनी एक साधं चाक वापरात आणलं होतं: लाकडी चाक, कडेला सपाट फळ्या किंवा साध्या वाट्या, आणि त्यांवर थेट झोत. चाक फिरायचं, पण पाणी चहूकडे उडून जायचं, आणि त्यातली बरीचशी ताकदही त्याच्याबरोबर जायची.

इथे एक गोष्ट नेहमी सांगतात. एका खाणीवरचं चाक दांड्यावर थोडं सरकलं आणि झोत वाटीच्या मधोमध पडायच्या ऐवजी कडेवर पडू लागला. पाणी वाटीच्या एका बाजूनं आत शिरून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत बाहेर आलं, आणि चाक आधीपेक्षा जोरात फिरू लागलं. पेल्टननं ते पाहिलं. दुसऱ्या एका गोष्टीत भटक्या गाईला हाकलताना पाण्याचा फवारा तिच्या नाकाडावर बसतो आणि दोन्हीकडे फाटून मागे वळतो. कुठली खरी, की दोन्ही नंतर रचलेल्या, कोण सांगणार? महत्त्वाचं पुढे जे झालं ते. तो निरनिराळ्या आकारांच्या वाट्या बनवून एकामागून एक तपासत बसला. शेवटी ठरलेला आकार असा: शेजारी शेजारी दोन वाट्या आणि त्यांच्या मधे एक धारदार कड. झोत कडेवर येतो, बरोबर दोन भाग होतात, प्रत्येक भाग आपापल्या वाटीत गोल वळून जवळजवळ आल्या दिशेला परत फिरतो. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे चाकाला आडवा धक्काही बसत नाही. असं एक छोटं चाक त्यानं कॅम्पटनव्हिलमध्ये आपल्या घरमालकिणीच्या शिवणयंत्राला जोडून चालवलं होतं असं सांगतात. १८७८ मध्ये पहिलं कामाचं चाक मेफ्लॉवर खाणीवर लागलं आणि २६ ऑक्टोबर १८८० ला त्याला पेटंट मिळालं.

आता थोडं थांबून हे गणितात मांडू. आकडे खोपोलीचे घेऊ. पाणी साधारण ५१० मीटर खाली आलं आणि वाटेत काही वाया गेलं नाही असं धरलं, तर नोझलमधून सुटणारा झोत सेकंदाला १०० मीटर वेगानं येतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. खोपोलीची प्रत्यक्ष उंची याच्या जवळपासच आहे, म्हणून हा सोयीचा आकडा.

वाटी ज्या वेगानं पुढे पळतेय त्याला क्ष म्हणू, मीटर प्रति सेकंदात. वाटीच्या नजरेनं पाहिलं तर पाणी (१०० − क्ष) वेगानं येतं. वाटी ते वळवून तितक्याच वेगानं मागे पाठवते. म्हणजे पाण्याच्या वेगात झालेला बदल दुप्पट, २(१०० − क्ष). दर किलो पाण्यामागे चाकाला मिळणारा रेटा तेवढाच. रेटा गुणिले वाटीचा वेग म्हणजे मिळालेलं काम. त्याला य म्हणू, ज्यूलमध्ये:

य = २ × क्ष × (१०० − क्ष)

हे वर्ग फल आहे, आणि त्याचा आलेख म्हणजे पॅराबोला, पुस्तकी मराठीत अन्वस्त. या रूपात दोन गोष्टी बघताक्षणी कळतात. क्ष शून्य असेल, म्हणजे चाक जाम असेल, तर काम शून्य. क्ष १०० असेल तर वाटी झोताच्या वेगानंच पळतेय, पाणी तिला गाठतच नाही, तेव्हाही काम शून्य. मधे कुठेतरी सर्वांत जास्त. पण कुठे, आणि किती? ते या रूपात लिहिलेलं नाही. म्हणून रूप बदलायचं.

कंस सोडवला की य = २००क्ष − २क्ष². त्यातून −२ बाहेर काढला की −२(क्ष² − १००क्ष). १०० चा निम्मा ५०, त्याचा वर्ग २५००. कंसात २५०० मिळवा आणि लगेच वजा करा. पहिली तीन पदं मिळून पूर्ण वर्ग होतो आणि उरलेले −२५०० कंसाबाहेर येताना −२ नं गुणले जाऊन +५००० होतात:

य = −२(क्ष − ५०)² + ५०००

हे शिरोबिंदू रूप. पुस्तकात ते य = अ(क्ष − ह)² + क असं लिहितात आणि अ, ह, क हे तीन आकडे आलेखाचा आकार कसा ठरवतात ते पाठ करायला लावतात. इथे पाठ करायची गरज नाही, कारण प्रत्येक आकड्याला चाकात एक जागा आहे.

ह म्हणजे ५०. वर्ग कधीच ऋण नसतो, आणि पुढे −२ असल्यामुळे तो पद फक्त नुकसानच करू शकतो. नुकसान शून्य कधी? क्ष बरोबर ५० असेल तेव्हा. म्हणून कंसात वजा ५० दिसत असलं तरी शिरोबिंदू अधिक ५० वर असतो. मुलं इथे हमखास गोंधळतात. चिन्हाचा नियम घोकण्यापेक्षा कंस कधी शून्य होतो एवढंच विचारावं. अर्थ असा की चाकाच्या वाटीचा वेग झोताच्या वेगाच्या बरोबर निम्मा हवा.

निम्माच का, हे चेंडूनं कळतं. टेम्पो पुढे चाललाय आणि तुम्ही मागून त्याच्या फळीवर रबरी चेंडू मारलात. टेम्पोचा वेग चेंडूच्या निम्मा असेल तर चेंडू फळीवरून परत येताना त्याचा उलटा वेग आणि टेम्पोचा पुढचा वेग एकमेकांना खाऊन टाकतात, आणि चेंडू जिथल्या तिथे खाली पडतो. त्याच्यातलं सगळं टेम्पोला मिळालं. वाटीतून निघणारं पाणीही तसंच मेल्यासारखं खाली पडायला हवं.

क म्हणजे ५०००. एक किलो पाणी सेकंदाला १०० मीटर वेगानं जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा १०० च्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे ५००० ज्यूल. म्हणजे शिरोबिंदूची उंची हीच पाण्यातली सगळीच्या सगळी ऊर्जा. त्याहून जास्त मिळणं शक्यच नाही आणि आदर्श चाक तेवढी घेतं. सेकंदाला एक टन पाणी सोडलं तर पाच मेगावॅट.

आणि अ? तो वाटीच्या आकारातून येतो. पेल्टनच्या आधीची सपाट फळी घ्या. पाणी तिच्यावर आपटतं आणि बाजूला उडतं, मागे वळत नाही. बदल दुप्पट नाही, एकपटच. समीकरण होतं य = क्ष(१०० − क्ष), आणि शिरोबिंदू रूप य = −(क्ष − ५०)² + २५००. दोन्ही आलेख एकावर एक काढून बघा. दोन्ही ० आणि १०० वर जमिनीला टेकतात, दोघांचं शिखर ५० वरच. पण अ −१ चा −२ झाला की शिखर दुप्पट उंच होतं. सपाट फळीला कितीही नीट वेग दिला तरी निम्मी ऊर्जा गेलीच. त्या मधल्या धारदार कडेची आणि दोन वळणदार वाट्यांची सगळी किंमत या अ मध्ये आहे.

एक बारकावा पुस्तकात सहसा येत नाही. वर्गात अ, ह, क हे तिन्ही आपण वाटेल तसे वेगवेगळे बदलतो. यंत्र तशी मोकळीक देत नाही. थांबलेल्या चाकातून काम निघत नाही, म्हणून आलेख शून्यातून जायलाच हवा, आणि त्यामुळे अ आणि ह ठरले की क आपोआप ठरतो. उंची कमी केली तर? २५५ मीटरच उतार असता तर झोत सुमारे ७१ चा, ह साधारण ३५.५, आणि क २५००. शिखर डावीकडे सरकतं आणि खालीही येतं.

आता शिखराच्या आसपास बघा. क्ष ४५ किंवा ५५ असेल तर य ४९५०. वेगात दहा टक्के चूक, नुकसान फक्त एक टक्का. ४० किंवा ६० असेल तर ४८००, म्हणजे वीस टक्के चुकीला चार टक्के. शिखराजवळ पॅराबोला जवळजवळ सपाट असतो आणि नुकसान अंतराच्या वर्गानं वाढतं. माझ्या मते पेल्टनची गोष्ट समजून घ्यायला ही गोष्ट मोलाची आहे. नुसता वेग कमी-जास्त करून बघणाऱ्याला फार मोठा फायदा दिसला नसता. वाटीचा आकार बदलणाऱ्याला दिसला. फ्रान्समध्ये पोन्स्लेसारख्या इंजिनिअरांनी १८२० च्या दशकातच वळणदार पात्यांची चाकं केली होती. पाणी धक्का न देता आत यावं आणि वेग न ठेवता बाहेर पडावं हे तत्त्व तिकडे ठाऊक होतं. कॅलिफोर्नियाच्या खाणवस्तीतला मिस्त्री त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेनं आला.

स्पर्धकही होते. सॅम्युएल नाइट नावाच्या कारागिराची चाकं खाणींवर आधीपासून चालत होती. १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीतल्या आयडाहो खाणीनं चाकांची स्पर्धाच लावली. पेल्टनच्या चाकानं पाण्यातली ९०.२ टक्के ऊर्जा दांड्यावर आणून दाखवली. दुसऱ्या क्रमांकाच्या चाकाला ७६.५ टक्के जमले. त्या दिवसानंतर वाद राहिला नाही.

शंभर टक्के का नाहीत? एक तर घर्षण आहे. दुसरं कारण मजेशीर आहे. पाणी अगदीच मेलं तर वाटीतून बाहेर कसं पडणार? ते पुढच्या वाटीच्या पाठीवर आपटायचं. म्हणून वाटी पाण्याला पूर्ण १८० अंशांत न वळवता साधारण १६५ अंशांत वळवते, म्हणजे ते थोडा वेग राखून बाजूनं निघून जातं. या सगळ्यामुळे खऱ्या चाकाचा शिरोबिंदूही निम्म्यापेक्षा थोडा अलीकडे असतो, झोताच्या ४६ ते ४८ टक्क्यांवर. पुढे ॲब्नर डोबलनं वाटीच्या पुढच्या काठाला खाच दिली, त्यानं चाक आणखी सुधारलं. आजच्या वाट्यांचा आकार पेल्टनपेक्षा त्याच्या वाट्यांच्या जास्त जवळचा आहे.

ह एकदा ठरला की चाकाचा व्यासही ठरतो, हे लक्षात घ्या. वाटी सेकंदाला ५० मीटर पळायला हवी. मिनिटाला ३०० फेरे हवे असतील, म्हणजे सेकंदाला ५, तर एका फेऱ्यात १० मीटर, म्हणजे व्यास सुमारे ३.२ मीटर. फेरे कमी हवेत तर चाक मोठं करा. ग्रास व्हॅलीच्याच नॉर्थ स्टार खाणीला १८९० च्या दशकात हवा दाबायचे संथ कॉम्प्रेसर चालवायचे होते. मधे गिअर न घालता त्यांनी चक्क ३० फूट व्यासाचं पेल्टन चाक बसवलं. ते आजही तिथल्या संग्रहालयात उभं आहे.

पेल्टनचं पुढचं आयुष्य धंद्याचं. १८८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात त्याचं चाक डायनॅमोला जोडून वीज काढली गेली आणि चाकाचं भवितव्यच बदललं. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेल्टन वॉटर व्हील कंपनी उभी राहिली. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनं त्याला इलियट क्रेसन पदक दिलं. त्यानं लग्न केलं नाही. १४ मार्च १९०८ ला ओकलंडमध्ये तो वारला आणि त्याला ओहायोत, जन्मगावी व्हर्मिलियनला पुरलं.

लोणावळ्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालवण्याचं स्वप्न पाहणारे जमशेटजी टाटा त्याच्या चार वर्षं आधी, १९०४ मध्ये गेले होते. काम पुढे दोराबजींच्या हाताखाली झालं. फेब्रुवारी १९११ मध्ये वळवण धरणाचा पाया घातला आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. चाकं स्वित्झर्लंडहून आली होती. भिवपुरी १९२२ ला सुरू झालं. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट, भिवपुरीची ७५. सह्याद्रीची उंची फुकट मिळाली, पण तलावांची जमीन नाही. त्याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि सेनापती बापट त्यातूनच लोकांसमोर आले. क चा आकडा मोजताना हाही हिशेब धरायला हवा.

हे चाक या घाटाला इतकं फिट का बसलं, हेही त्याच समीकरणात आहे. पावसाळा ते उन्हाळा तलावाची पातळी काही मीटरनं खालीवर होते. पण ५०० मीटरच्या उतारात तेवढ्यानं झोताचा वेग फारसा हलत नाही, म्हणजे ह जवळपास जागेवरच राहतो. विजेला ठरलेले फेरे लागतात आणि इथे ठरलेले फेरे म्हणजेच शिखरावरचे फेरे. मागणी कमी झाली तर नोझलमधली सुई पुढे सरकवून झोत बारीक करतात. वेग तोच राहतो, फक्त पाणी कमी.

आणि आलेखाचं दुसरं टोक, क्ष = १००? ते पॉवर हाऊसवाल्यांच्या चांगलंच लक्षात असतं. लाइन अचानक तुटली की चाकावरचा भार जातो आणि ते झोताच्या वेगाकडे, म्हणजे ठरलेल्या जवळजवळ दुप्पट फेऱ्यांकडे धावत सुटतं. सुई झटकन बंद केली तर पाइपमधलं धावतं पाणी अडून पाइप फुटायचा. म्हणून आधी एक पत्रा झोताच्या आड येऊन तो बाजूला वळवतो आणि मग सुई सावकाश मिटते.

वाटीतून सुटलेलं पाणी चाकाखालच्या खड्ड्यात पडतं आणि कालव्यानं बाहेर निघतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं पेज नदीला. ऐन एप्रिल-मे मध्ये आजूबाजूचे ओढे कोरडे पडतात, तेव्हा या दोन नद्यांना पाणी असतं ते यामुळे. ५०० मीटर खाली झेप घेऊन आलेलं ते पाणी कालव्यात पाहिलं तर शेताच्या पाटासारखं संथ वाहत असतं.